मदत हवी आहे: वर्षभराच्या एक्स्चेंजसाठी मुलगी एकटी निघाली आहे, शेवटच्या विमानाचे तिकीट वेगळे आहे

नमस्कार.

माझी १७ वर्षांची मुलगी स्टुडंट एक्स्चेंजमधून वर्षभरासाठी शेंगेन क्षेत्रातील (आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातील) एका देशात शिकायला चालली आहे. घरातून निघून यजमान कुटुंबाच्या दारी पोहोचेपर्यंत तिला जवळपास ३० तास लागतील. तीन विमाने आणि शेवटी दोन तासांची रेल्वे असा हा प्रवास असून इतक्या लांब ती प्रथमच एकटी जात आहे. निघायला १८ दिवस उरले असताना माझी एक चूक लक्षात आली, त्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली दोन विमाने एका तिकिटावर आहेत, तिसरे मात्र दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) काढलेले आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या विमानाच्या मधे २ तास ४० मिनिटे मिळतात, म्हणून मी निर्धास्त होते. आता नीट मांडून पाहिले तेव्हा कळले की त्या मधल्या विमानतळावर तिला इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहायचे आहे, पट्ट्यावरून बॅग घ्यायची आहे, कस्टम्समधून बाहेर पडून ती नव्याने चेक-इन करायची आहे आणि पुन्हा सुरक्षा तपासणीतून आत जायचे आहे. बॅगा जमा करून घेणारा काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे हातात उरतात १ तास ४० मिनिटे. सगळे एकाच तिकिटावर असते, तर विमान चुकल्यावर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी ठरली असती. इथे तिसरी कंपनी ‘प्रवासी आलाच नाही’ एवढीच नोंद करून मोकळी होईल.

व्हिसाची अडचण नाही. दीर्घ मुदतीच्या डी व्हिसावर शेंगेनमधील दुसऱ्या देशातून पुढे जाता येते. मात्र व्हिसा सुरू होतो तो नेमका उतरण्याच्या तारखेला, त्यामुळे प्रवास एक दिवस अलीकडे आणता येत नाही. तिसरे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे म्हटले, तर १८ वर्षांखालील मुलीला एकटीला खोली द्यायला बरीच हॉटेले तयार नसतात, आणि विमानतळावरच्या बाकावर तिने रात्र काढावी हे मनाला पटत नाही. एकट्या मुलांसाठीची सोबतीची सेवा मी विचारून पाहिली. ती मिळायची तर उतरल्यावर मुलीला ताब्यात घेणारी प्रौढ व्यक्ती नावानिशी कळवावी लागते, आणि मधल्या विमानतळावर आमचे कोणीच नाही.

बाकी तयारी झाली आहे. पासपोर्ट, शाळेचे प्रवेशपत्र, यजमानांचे पत्र, विमा आणि आम्हा दोघा पालकांचे नोटरी केलेले संमतीपत्र हातातल्या पिशवीत राहील. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-तासांची आहे. १०० च्या आत असल्याने चालेल, पण तीही हातातल्या पिशवीतच ठेवायची आहे. फोन बंद पडला तर जवळ असावेत म्हणून यजमानांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तिने स्वतःच्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात सरकवले आहेत. तो पुठ्ठा पाहिल्यापासून ही चूक मला जास्तच टोचते आहे.

मला मुख्यतः हे विचारायचे आहे की बदलाचे शुल्क भरून तिसरे तिकीट त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या विमानावर न्यावे का. मधे सात तास मिळतील, पण पुढची रेल्वे रात्रीची होईल आणि यजमानांना उशिरा स्थानकावर यावे लागेल. की ते तिकीट सोडून देऊन पहिल्या कंपनीकडूनच शेवटपर्यंतचे तिकीट नव्याने करून घ्यावे? कोणी असे करून घेतले असेल, तर कंपनीशी नेमके काय बोलावे लागले तेही कळवावे.

दुसरी शंका बॅगेची आहे. मधल्या विमानतळावर पट्ट्यावर बॅग आलीच नाही, तर तिथे तक्रार नोंदवण्यात वेळ जाईल आणि विमान चुकेल. पण नोंद न करता मुलगी पुढे गेली, तर शेवटच्या विमानतळावरची कंपनी ‘ही बॅग आमच्याकडे नव्हतीच’ म्हणेल. अशा वेळी तिने काय करावे, हे निघण्यापूर्वी मला तिला ठामपणे सांगायचे आहे.