सोसायटी ग्रुप : लिफ्टजवळचं पत्रक

ए-104 : लिफ्टजवळ ते चकचकीत पत्रक कोणी लावलं? खासदारांची हजेरी एवढी, प्रश्न एवढे. लोकलच्या गर्दीवर सभागृहात काय बोलले, त्याची एक ओळ नाही.

सेक्रेटरी : काका, परवानगी मी दिली. ग्रुपवर राजकारण नको, ही नम्र विनंती.

बी-302 : रविवारी टाकी धुणार का?

ए-104 : हे राजकारण नाही, सेक्रेटरीसाहेब. आम्ही राजापूरचे. 1971 ते 1991 मधु दंडवते आमचे खासदार. 1977ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर गादी आली. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर आणायचा, ही त्यांची भूमिका.

सी-201 : काका, ते मंत्री होते. साध्या खासदाराच्या हातात काय असतं?

ए-104 : 77च्या आधी विरोधी बाकांवरच होते ना? तेव्हाही कोकण रेल्वेचा आग्रह सोडला नाही. 1990ला कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा ते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री.

बी-503 : 74च्या रेल्वे संपात सासऱ्यांची नोकरी गेली होती. दंडवते आल्यावर परत घेतलं. आमच्या घरात ते नाव आदरानेच घेतात.

डी-402 : काकांना बर्थ मिळाला, आम्हाला पार्किंग कधी? 😄

ए-104 : तुमच्या दोन गाड्या आहेत, त्यावर मी आजवर बोललो नाही.

डी-402 : बोला की मग!

सेक्रेटरी : कृपया विषयावर या.

बी-302 : रविवारी टाकी धुणार का??

सी-201 : पत्रकातल्या आकड्याचं सांगते. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न 20च, आणि मंत्र्याला सभागृहात पूरक प्रश्न विचारता येतात ते त्यांवर. अतारांकित 230 असतात, त्यांना नुसतं लेखी उत्तर. हे प्रश्न कोणत्या प्रकारचे, ते छापायला हवं होतं.

ए-104 : तेच म्हणतोय मी! आकडा नको, काय बोलले ते दाखवा.

बी-503 : काका, आपण तरी कधी लेखी दिलंय? सकाळच्या गाड्यांबद्दल पत्र देऊ. खासदारांना म्हणू, लोकसभेत तातडीचे विषय मांडतात त्या शून्य प्रहरात किंवा इतर सार्वजनिक विषयांसाठीच्या नियम 377खाली मांडा.

सी-201 : मसुदा मी करते.

ए-104 : पहिली सही माझी.

सेक्रेटरी : लेटरहेड कमिटीत ठरल्यावरच मिळेल.

ए-104 : पत्रक लावताना कमिटी बसली होती का?

बी-302 : टाकी???

सेक्रेटरी : रविवारी 10 ते 1, वहिनी. पत्राचं त्याच दुपारी ठरवू. काका, 4 वाजता ऑफिसात या.