मदत हवी आहे: आईच्या पोटाच्या स्नायूत रक्त साचलंय, अर्जंट!

लालबागकर: काल रात्री आईच्या पोटात उजवीकडे खाली एकदम गाठ आली, हात लावू देत नाही, सोनोग्राफीत धड कळलं नाही मग सीटीत रेक्टस शीथ हिमॅटोमा निघालं, आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. आत रक्त साचलंय तर काढून का टाकत नाहीत?? परळला दुसरीकडे हलवू का?

सुमाताई: वय? पडल्या का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?

लालबागकर: ६८. पडली नाही, खोकला होता खूप. गोळ्या नेहमीच्याच, बीपीची आणि ती हृदयाच्या व्हॉल्व्हची.

सुमाताई: अहो, व्हॉल्व्हची म्हणजे ॲसिट्रॉमच ना, तीच रक्त पातळ करायची! आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, किती? खोकल्याला अँटिबायोटिक दिलं का कुणी?

लालबागकर: ७.२ आलाय. हो, नाक्यावरच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलेलं.

गिरगाव_मेल: हिंग लावा आणि गरम पिशवीने शेका, आमच्याकडे तेच करतात.

डॉ_रात्रपाळी: शेकू बिकू नका!! ब्रुफेन, डायक्लो पण नको. लालबागकर, क्लॅरिथ्रोमायसिनने ॲसिट्रॉमचा असर वाढतो, त्यात खोकल्याचे झटके, स्नायूतली रक्तवाहिनी फाटते. साचलेल्या रक्ताच्या दाबानेच रक्तस्राव थांबायला मदत होते, उघडलं की तो दाब जातो म्हणून सहसा कापत नाहीत. गोळी थांबवणं, व्हिटॅमिन के, लागलं तर प्लाझ्मा, हे कार्डिओलॉजिस्टला विचारूनच, कारण धातूचा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर गुठळी व्हायची भीती.

मुलुंड_लोकल: माझ्या मेव्हण्याने हर्नियाला जाळी बसवली, उत्तम आहे, नंबर देऊ?

सुमाताई: हर्निया कुणी विचारला?

गिरगाव_मेल: आमच्या आजीला शेकूनच बरं वाटलेलं. तुम्ही डॉक्टर लोक घरगुती म्हटलं की चिडता.

डॉ_रात्रपाळी: आजींना गॅस असेल हो. लालबागकर, हिमोग्लोबिन परत केलं का?

लालबागकर: काल १०.८, आता ८.१. आणि सकाळपासून लघवी नाही, वाटलं पाणीच प्यायली नाही.

डॉ_रात्रपाळी: हे आत्ता ड्युटी डॉक्टरांना सांगा, इथे टाइप करू नका. बेंबीच्या खाली त्या स्नायूला मागून पक्कं आवरण नसतं, रक्त ओटीपोटात उतरून मूत्राशयावर दाब येऊ शकतो. रक्त चालूच असेल तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करून वाहिनीतून बारीक नळी घालून ती आतूनच बंद करतात, एम्बोलायझेशन. ती सोय तिथे आहे का विचारा, नसेल तरच हलवायचं, तेही रक्त चढवून, कार्डियाक ॲम्ब्युलन्समधून.

मुलुंड_लोकल: मेडिक्लेम कॅशलेस आहे का पण?

लालबागकर: सिस्टर आल्यात, लघवीची नळी लावतायत. एम्बोलायझेशन इथे होत नाही म्हणे, रक्ताची पिशवी आली की निघतोय.