उद्याचं ब्रेक ऑईल, पी-2 (पार्किंग व गाड्या ग्रुप, शनिवार रात्र)

बी-704: उद्या सकाळी 8 ला पी-2 पार्किंगमध्ये माझ्या पोर्शे बॉक्स्टरचं ब्रेक ऑईल बदलतोय. 2010 ची, मॅन्युअल गिअर. पेडल छान आहे, पण ऑईलला दोन वर्षं झाली. व्हिडिओत सगळे मागचं उजवं चाक आधी घेतात. तसंच करू ना?

ए-203: तो व्हिडिओ डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलजवळचा ऑईल ढकलणारा पंप, त्याच्यापासून सगळ्यात लांबचं चाक आधी, हा हिशोब. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

डी-1001: काका, बरोबर, पण नुसतं ऑईल बदलताना क्रम चुकला तर थोडं ऑईल जास्त जातं, एवढंच. ब्रेक ऑईलची टाकी कोरडी पडली तर मात्र कल्याण. हवा एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉकमध्ये शिरली की कितीही पेडल मारा, पूर्ण निघत नाही. स्कॅनर लावून एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात, आणि गाडी टो करून न्यावी लागते.

बी-704: प्रेशर ब्लीडर (हवेच्या दाबाने टाकीत नवीन ऑईल ढकलणारी बाटली) आहे माझ्याकडे, हातपंपाचा. किती प्रेशर?

डी-1001: 1 ते 1.5 बार, म्हणजे 15 ते 20 पीएसआय. जास्त नको, टाकी प्लास्टिकची आहे. आधी बाटलीत ऑईल न भरता नुसती हवा मारा आणि पाच मिनिटं काटा बघा. खाली आला तर झाकणाचं वॉशर नीट बसलेलं नाही. हे न तपासता ऑईल भरलं तर पुढच्या डिकीत कारंजं होतं, आणि ब्रेक ऑईल पेंट खातं. उडालंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं.

ए-203: नवीन ऑईल भरण्याआधी टाकीतलं जुनं काळं ऑईल सिरिंजने काढून घ्या, पण तळ उघडा पडेपर्यंत नाही. एक बोटभर राहू द्या. क्लचही त्याच टाकीवर आहे हे लक्षात ठेवा.

सी-302: जुनं ऑईल बाहेर काढायचा निप्पल प्रत्येक कॅलिपरला (चाकाजवळचा ब्रेक दाबणारा भाग) एकच असतो ना? आमच्या स्विफ्टला तसाच आहे.

ए-203: तुमचा कॅलिपर सरकता, एका बाजूलाच पिस्टन. हिचे चारही फिक्स्ड, चार-चार पिस्टनचे. म्हणून आतला एक, बाहेरचा एक, एकूण आठ निप्पल. आतला सहज दिसत नाही आणि तोच राहून जातो. मग त्या बाजूला वरच्या टोकाला जुनं ऑईल आणि असलाच तर बुडबुडा तसाच.

पाना 11 चा रिंग, सहा कोनी. चपटा फिक्स पाना लावलात तर कोपरे गोल झालेच म्हणून समजा. रबरी टोपी काढा, आधी पाना बसवा, त्याच्यावरून पारदर्शक नळी घाला, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑईलमध्ये बुडालेलं. पाव ते अर्धा फेरा पुरे. नवीन स्वच्छ रंग आला आणि बुडबुडे थांबले की बंद. घट्ट करायला 14 एनएम (न्यूटन-मीटर), जोर लावायचा नाही. आटा गेला तर अख्खा कॅलिपर.

बी-704: दर दोन चाकांनी टाकी बघितली तर चालेल?

डी-1001: दर चाकाला बघा. एकूण 1 लिटर घ्या, अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या. पहिल्या चाकाला सगळ्यात जास्त लागतं, कारण लांब पाइपमधलं जुनं ऑईल तिथून निघतं.

सी-302: कोणतं ऑईल? दुकानदार डॉट 5 म्हणतोय, आकडा मोठा म्हणून.

ए-203: मुळीच नाही. डॉट 5 सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते ग्लायकॉलचं, चालतं. पण डॉट 4 पुरे. नियमाप्रमाणे डॉट 4 कोरडं असताना निदान 230 अंशांना उकळतं, आणि 3.7 टक्के पाणी शोषल्यावर 155 ला. दोन वर्षांनी बदलायचं ते एवढ्यासाठीच. पसरणी घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर उतरलात की ते पाणी उकळतं, पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल दबत जातं. रंगावरून पाण्याचा अंदाज येत नाही.

डी-1001: उघडी अर्धी बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका. पावसाळ्याच्या हवेत तर नाहीच.

बी-704: प्रेशर ब्लीडरने दगा दिला तर? बायको पेडल मारेल.

ए-203: मग मारा-धरा-सोडा. तुम्ही "दाब" म्हणालात की वहिनी दाबून धरतील, मग तुम्ही निप्पल उघडायचा. पेडल खाली जाईल. तुम्ही निप्पल बंद केल्याशिवाय वहिनींनी पाय काढायचा नाही, नाहीतर तिथूनच हवा आत ओढली जाते. बंद केल्यावर "बंद" मोठ्याने म्हणा. आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पूर्ण तळाला जाऊ देऊ नका. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज किंवा मळ असतो, सील त्यावरून घासलं की गळायला लागतं.

सी-302: व्हॅक्युम पंप नको? स्वस्त मिळतोय.

डी-1001: निप्पलच्या आट्यातून हवा ओढतो, बुडबुडे थांबतच नाहीत आणि माणूस वेडा होतो. पैसे वाचवा.

सचिव: पी-2 मध्ये मुलं सायकल खेळतात रविवारी. गाडी जॅकवर सोडून वर चहाला जाऊ नका.

ए-203: जॅकवर तर कोणीच काम करायचं नाही. गाडीखाली घोड्या (टेकूचे स्टँड) लावा, चाकांना ठोकळे. हिच्या चाकाला नट नाहीत, बोल्ट आहेत, त्यामुळे चाक बसवताना निसटून कॅलिपरवर आपटतं. 14 बाय 1.5 आट्याची गाइड पिन एका भोकात लावली की चाक त्यावर टांगतं. बोल्ट 130 एनएम, आधी हाताने, मग तिरक्या क्रमाने.

बी-704: झाल्यावर पेडल कडक लागलं की झालं?

ए-203: इंजिन बंद असताना कडक म्हणजे काहीच सिद्ध नाही. इंजिन सुरू करून 30 सेकंद दाबून धरा. स्पंजासारखं लागलं तर हवा. हळूहळू खाली बसत गेलं तर कुठे गळतंय ते शोधा, मास्टरचं सील असू शकतं. दोन्ही नसेल तर निप्पल पुसा, पुन्हा दाबा, कोरडे आहेत का बघा. पहिली फेरी पार्किंगमध्येच, चालण्याच्या वेगाने.

सचिव: आणि ते जुनं ऑईल गटारात ओतू नका. इंजिन ऑईलच्या डब्यातही नको, वेगळ्या बाटलीत भरून गॅरेजला द्या.

बी-704: देतो. 11 ला टँकर येतोय म्हणजे त्याआधी गाडी हलवावी लागेल का?

सचिव: हो. म्हणून 8 ला नाही, 7 ला सुरू करा.