यलो फिव्हरची लस: ९ दिवस उरलेत, काय करू?

घाईत_आहे: लोकहो मदत हवीय, आजच्या आज. ९ दिवसांनी निघायचंय आणि ट्रॅव्हलवाला आत्ता सांगतोय की यलो फिव्हरचं कार्ड लागेल आणि लस घेतली की ते १० दिवसांनी लागू होतं. तिकिटं काढताना हे आठवलं नाही त्याला. एका दिवसासाठी खरंच अडवतात का हो? 'आधी चौकशी करायची ना' हे सोडून काहीही बोला.

निवांत: आधी चौकशी करायची ना.

रानवाट: कुठे चाललाय?

घाईत_आहे: आफ्रिका. सफारी.

रानवाट: अहो आफ्रिका म्हणजे काय एक देश आहे का. घानाला कुठूनही आलात तरी कार्ड दाखवावं लागतं, दक्षिण आफ्रिकेत हा ताप नाहीच पण ताप असलेल्या देशातून तिथे शिरलात तर मागतात. देश, त्यांचा क्रम आणि विमान वाटेत कुठे किती तास थांबतं, एवढं लिहा.

डासवैरी: लसीचं राहू द्या, मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का? मच्छरदाणी? मी तर स्वतःची घेऊन जातो सगळीकडे.

मीनल_ताई: तो डास वेगळा हो. मलेरियाचा ॲनोफिलिस रात्रीचा, यलो फिव्हरचा एडिस दिवसाढवळ्या चावतो, दुपारी जीपमध्ये मच्छरदाणी बांधून बसणार का?

डासवैरी: मलेरिया जास्त होतो, एवढंच म्हणतोय.

बापू६०: यलो म्हणजे कावीळच ना? काविळीची लस घेतलेली असेल तर चालून जावं.

मीनल_ताई: बापू, नाही चालत! या तापात कावीळ होते म्हणून तसं नाव पडलं, विषाणू पूर्ण निराळा. कृपया असलं काही सांगू नका, कुणीतरी खरं धरेल.

घाईत_आहे: थेट नैरोबी, ५ दिवस केनिया, मग टांझानिया.

रानवाट: हे आधी सांगितलं असतं तर! केनिया धोक्याच्या यादीत आहे, म्हणून टांझानियावाले केनियाहून येणाऱ्यांकडे कार्ड मागतात. उद्या लस घेतली तर टांझानियाच्या सीमेवर पोचेपर्यंत १० दिवस उलटलेले असतील. केनिया स्वतः, थेट बिनधोक्याच्या देशातून येणाऱ्याला मागत नाही. पण कागद सोडा, ताप केनियातही आहे आणि लसीमुळे अंगात तापाशी लढायची ताकद यायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात, तेव्हा पहिले दिवस डासांपासून जपा.

निवांत: आणि दर १० वर्षांनी परत टोचून घ्या.

मीनल_ताई: ते जुनं झालं. ११ जुलै २०१६ पासून एकाच डोसचं कार्ड आयुष्यभर चालतं, आधी घेतलेल्यांचंसुद्धा.

निवांत: माझ्या कार्डावर १० वर्षंच छापलंय.

मीनल_ताई: छापलेलं असू द्या, तरी चालतं.

घाईत_आहे: एक मिनिट. माझ्याकडे २०१२ चं कार्ड आहे, ऑफिसच्या कामाला गेलो होतो तेव्हाचं. मुदत संपली म्हणून धरलंच नव्हतं.

रानवाट: 🙏 मग हा धागा नक्की कुणासाठी?

घाईत_आहे: बाबा आहेत ना सोबत. त्यांनी कधी घेतली नाहीये.

मीनल_ताई: वय? औषधं चालू आहेत? अंड्याची ॲलर्जी?

इतिहासप्रेमी: हीच ती १७डी लस, मॅक्स थायलरला १९५१ चं नोबेल याच कामावर मिळालं. जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो तिच्यात.

घाईत_आहे: ६७. ॲलर्जी नाही. संधिवाताची एकच गोळी, तीही आठवड्यातून एकदा, मेथोट्रेक्सेट.

मीनल_ताई: अरे देवा. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ती गोळी प्रतिकारशक्ती दाबते आणि लसीत जिवंत विषाणू, वर साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तसाही जास्त. संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायला नेऊ नका.

रानवाट: लस देता येत नसेल तर वैद्यकीय सूट लिहून मिळते, कार्डातच जागा असते तिला. पण सीमेवरचा माणूस ती मानेलच असं नाही आणि डासाला तर वाचताच येत नाही.

घाईत_आहे: बाबा म्हणतायत या आठवड्याची गोळी चुकवतो आणि घेतो लस.

मीनल_ताई: नाही!! एक गोळी चुकवून तिचा परिणाम उतरत नाही. फोन त्यांच्या हातातून घ्या आणि डॉक्टरांना लावा.

घाईत_आहे: लावतोय. एंगेज आहे.

डासवैरी: मलेरियाच्या गोळ्यांचं राहिलंच.