दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: विमानात खरं बसनं किती तास?

पराटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ):
राम राम मंडळी. पोरीचं बाळंतपण हाये सॅन फ्रान्सिस्कोले. आमी दोघं मे महिन्यात निघतो. जावयानं तिकीट धाडलं अन् डोकं चक्रावलं. दिल्लीहून पहाटे 4 ले निघून त्याच दिवशी सकाळी 7:30 ले पोचते म्हने! तेवढ्यात आमची एसटी दारव्ह्याहून नागपूरले पोचत नाही. येतानी मात्र शुक्रवारी सकाळी साडेदहाले बसा अन् शनिवारी दुपारी अडीचले उतरा. खरं बसनं किती तास? कारभारनीचे गुडघे धरतेत, म्हनून विचारतो. अन् अमेरिका नकाशात डावीकडं, मंग विमान वर बर्फातून जातानी काहून दाखवते?

भूगोलमास्तर (हिंगणघाट):
काका, तिकिटावर निघायची वेळ दिल्लीची असते, पोचायची तिकडची. मे महिन्यात ते आपल्या साडेबारा तास मागं, हिवाळ्यात साडेतेरा. तुमच्या साडेतीन तासांत साडेबारा मिळवा, 16 तास झाले. येतानीच्या 28 मधून साडेबारा काढा, साडेपंधरा उरतात.
बर्फाचं म्हणाल तर शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन्ही गावांमध्ये सुतळी ताणून पाहा, ती उत्तरेकडूनच जाते. अंतर साधारण 12,400 किमी. भिंतीवरच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग फैलावून काढलेला असतो, म्हणून सरळ वाट वाकडी दिसते. (पोरं हे पाठ करतात, सुतळी कोणी ताणत नाही.)

वणीची सून:
किलोमीटरवरून तास काढू नका काका. 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून जाणारी हीच फेरी पश्चिमेला अटलांटिकवरून न नेता पूर्वेला पॅसिफिकवरून नेली. अंतर 13,900 चं 15,300 किमी झालं, तरी साडेचौदा तासांत पोचले, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर! वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो पाठीशी मिळाला. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं अन् वळसे वाढले. दोन तास इकडेतिकडे धरूनच चाला.
काकूंसाठी चालायच्या वाटेकडची सीट मागा अन् व्हीलचेअर तिकिटातच नोंदवा. आमच्या सासूबाई "मी काय लंगडी हावो का" म्हणून अडल्या होत्या. इमिग्रेशनची रांग पाहिली अन् गपचूप बसल्या.
आणि हो, नागपूरचं विमानतळ वर्धा रोडवरच आहे. यवतमाळकडून एसटीनं याल तर आत शहरात बर्डीपर्यंत कशाला जाता, आधीच उतरा.

पराटीवाला:
झेडपीच्या शाळेत जाऊन सुतळी ताणली. वरूनच जाते ना बावा! आता एकच. इची साखरेची सुई रात्री जेवनाआधी असते. विमानात रात्र कोनती धरायची?

वणीची सून:
ते इथं कोणाला विचारू नका. तिकीट घेऊन डॉक्टरकडेच जा, ते वेळा लिहून देतील. सुई अन् चिठ्ठी मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. खाली सामानात टाकली तर थंडीनं इन्सुलिन गोठू शकते, मग ते कामाचं राहत नाही.