उपग्रहांमुळे जंगलतोड नुसती मोजली जाते की थांबतेही?

भूगोलशिक्षक : ब्राझीलची अंतराळ संस्था 'इन्पे' १९८८ पासून उपग्रहचित्रांवरून अमेझॉनमधील जंगलतोड मोजते. २००४ साली तेथे २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटले आणि २०१२ साली हा आकडा ४,५७१ वर आला. मात्र याच काळात काही वर्षे, ज्याच्या लागवडीसाठी जंगल तोडले जाते त्या सोयाबीनचे भावही पडलेले होते. मग घटीचे श्रेय उपग्रहांना देणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडण्यासारखे नाही का? वर्गात एका विद्यार्थिनीने हे विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

नकाशेवाला : विद्यार्थिनीची शंका रास्त आहे. 'इन्पे'च्या दोन यंत्रणा मात्र वेगळ्या समजून घ्याव्यात. 'प्रोदेस' हा ऑगस्ट ते जुलै असा वर्षाचा ताळेबंद असतो, तर २००४ मध्ये सुरू झालेली 'देतेर' तोड चालू असतानाच पर्यावरण खात्याच्या 'इबामा' या संस्थेला जागा कळवते, म्हणजे निरीक्षकांना यंत्रसामग्री जागेवर असेपर्यंत पोहोचता येते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर ढगांनी दिले आहे. ढगांखालचे 'देतेर'ला दिसत नाही. जुलियानो असुंसाओ आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी नेमका याचाच उपयोग करून दाखवले, की ज्या भागांवर ढग अधिक होते तेथे दंडाच्या कारवाया कमी झाल्या आणि पुढच्या वर्षी तोड वाढली. ढग काही सोयाबीनचा भाव पाहून येत नाहीत.

सातबारा : यात पळवाटही होती. सुरुवातीच्या चित्रांत एक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकरांचा होता आणि २५ हेक्टरांहून लहान तोड इशाऱ्यात येत नसे. पुढे लहान लहान तुकड्यांतील तोडीचा वाटा वाढत गेला. २०१५ पासूनच्या सुधारित 'देतेर'मध्ये भारताच्या 'रिसोर्ससॅट-२' वरील कॅमेऱ्याची चित्रेही वापरली गेली. त्यात एक ठिपका ५६ मीटरचा, आपल्या हिशेबाने जेमतेम ३१ गुंठ्यांचा. (ब्राझीलचा 'अमेझोनिया-१' हा उपग्रहही फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रीहरिकोट्याहूनच सुटला. हे वर्गात अवश्य सांगा.)

नकाशेवाला : पळवाटेचा मुद्दा मान्य. पण माझ्या मते चित्राच्या बारकाईपेक्षा त्यामागची कारवाई महत्त्वाची आहे. बेकायदा तोडलेल्या जमिनीवर बंदी येते, तिची यादी जाहीर होते, आणि २००८ पासून अमेझॉनमध्ये शेतकर्ज हवे असेल तर पर्यावरणाचे नियम पाळल्याची कागदपत्रे द्यावी लागतात. कारवाई ढिली पडली की तेच उपग्रह वर असूनही तोड वाढते : २०२१ साली ती १३,०३८ चौरस किलोमीटरवर गेली होती.

भूगोलशिक्षक : मग माहिती सरकारपुरती ठेवली असती तरी चालले असते का?

सातबारा : २०१९ चे उदाहरण पाहा. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी 'इन्पे'चे आकडे खोटे ठरवले आणि ऑगस्टमध्ये संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाओ यांना पदावरून दूर केले. परंतु चित्रे आणि नकाशे आधीच खुले असल्यामुळे कोणालाही ते ताडून पाहता येत होते, आणि त्या वर्षीच्या 'प्रोदेस'चा आकडाही दहा हजार चौरस किलोमीटरच्या वरच निघाला.