वाघाचे कातडे गाढवावर कोणी घातले? बोधकथांखालच्या ‘तात्पर्या’विषयी चर्चा

धागालेखक, सातारा

साताऱ्यातील आमच्या वाचनालयात शनिवारी मुलांसाठी कथावाचन होते. त्यातील निवडक प्राणिकथांची पुस्तिका काढायचे आता ठरले असून, प्रत्येक कथेखाली ठळक अक्षरांत एका ओळीचे तात्पर्य छापावे, असा कार्यकारिणीतील बहुतेकांचा आग्रह आहे. माझा त्याला विरोध आहे. तो का, हे एकाच गोष्टीवरून सांगतो.

कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. इसापनीतीत गाढव सिंहाचे कातडे स्वतःच अंगावर घेते, रानातल्या जनावरांना पळवून लावते आणि कोल्ह्याला भिववायला जाते तेव्हा आवाजावरून ओळखले जाते. तिथे दोष गाढवाच्या बढाईचा आहे. पंचतंत्रातील ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्रात, म्हणजे भागात, मात्र गाढव धोब्याचे आहे आणि चाऱ्याअभावी ते खंगलेले आहे. धोब्याला रानात मेलेला वाघ दिसतो. त्याचे कातडे तो गाढवावर घालतो आणि रात्री त्याला परक्यांच्या जवाच्या शेतात चरायला सोडतो. एके रात्री दुरून गाढविणीचा आवाज येतो, गाढव ओरडते आणि राखणदार त्याला ठार मारतात. सीहचम्म जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एकीत, हीच युक्ती एक फिरता व्यापारी करतो. शंख आणि ढोल वाजवत चालून आलेल्या गावकऱ्यांना पाहून गाढव मरणाच्या भीतीने ओरडते आणि मार खाऊन प्राण सोडते.

‘सोंग फार काळ टिकत नाही’ हे तात्पर्य इसापाच्या गोष्टीला शोभते. तेच इतर दोन गोष्टींखाली छापले, तर ज्याने उपाशी जनावराच्या अंगावर कातडे घालून त्याला मरणाच्या तोंडी दिले, तो मालक मुलांच्या नजरेतून निसटतो. किंबहुना पंचतंत्रकारानेही ‘आवाज काढल्यामुळे गाढव मेले’ एवढाच निष्कर्ष काढला आहे. मुलांनी मालकाकडे बोट दाखवायचे असेल, तर खालची ओळ रिकामीच असली पाहिजे.

निवृत्त शिक्षक, तासगाव

सर, आपले उदाहरण चांगले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्राथमिक शाळेत शिकवताना कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट मी दरवर्षी सांगत असे. माझ्या वर्गातील निम्मी मुले द्राक्षबागायतदारांच्या घरची होती. ऑक्टोबर छाटणीनंतर किती दिवसांनी मण्यात गोडी भरते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असे, त्यामुळे ‘गुरुजी, द्राक्षे खरोखरच कच्ची असतील तर कोल्ह्याचे काय चुकले?’ असा प्रश्न हमखास येई आणि पुढची चर्चा बागेतच अडके. हाती न लागलेल्या वस्तूला नावे ठेवण्याची माणसाची खोड हा त्या कथेचा गाभा आहे आणि तो कोणीतरी शब्दांत सांगावाच लागतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी मुले या कथा वाचत आली आहेत, आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ हे शब्द मोठेपणीही तोंडी राहतात ते आटोपशीर आहेत म्हणूनच.

धागालेखक, सातारा

गुरुजी, त्या मुलाचा प्रश्न मला तात्पर्यापेक्षा मोलाचा वाटतो. कोल्ह्याने द्राक्षे चाखलेलीच नाहीत, तरीही तो निकाल देतो, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरातून मुलाला स्वतःहून सापडले असते.

वाचक, वाई

आपण दोघेही खालच्या ओळीविषयी बोलत आहात, परंतु खरा भेद ही कथा कोण कोणाला सांगत आहे, यात आहे. पंचतंत्र सांगणाऱ्या विष्णुशर्म्याने महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन मंद मुलांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तयार करण्याचे वचन दिले होते, आणि तिथे नीती म्हणजे राज्य राखण्याची व चालवण्याची विद्या आहे. म्हणूनच ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात दमनक हा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री खोटेनाटे सांगून तोडतो, निरपराध बैल मारला जातो आणि दमनक मंत्रिपदावर राहतो. इसाप हा सामोस बेटावरचा गुलाम होता, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवले आहे; पुढे रोममध्ये या कथा पद्यात आणणारा फीड्रस हा मुक्त झालेला गुलाम होता आणि गुलामांना जे उघड बोलता येत नव्हते ते त्यांनी कथेत घातले, असे तो सांगतो. लांडगा आणि कोकराची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. कोकरू प्रत्येक आरोप खोडून काढते आणि तरीही खाल्ले जाते. जातकातील ससा तर याचकाला देण्यासारखे दुसरे काही नाही म्हणून स्वतः अग्नीत उडी घेतो.

सत्ता राखणाऱ्याचा, सत्तेखाली चिरडलेल्याचा आणि सर्वस्वाचे दान करणाऱ्याचा, असे हे तीन बोध आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच पुस्तिकेत सरसकट ‘बोधकथा’ म्हणून ते छापणे मला पटत नाही. प्रत्येक विभागाच्या आरंभी सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण हे स्पष्ट लिहावे, आणि ‘मित्रभेद’ लहान मुलांच्या पुस्तिकेत घेऊच नये.

ग्रंथालय कार्यकर्ता, सांगली

ताई, सांगणारा आणि ऐकणारा कोण हे लिहावे, ही आपली सूचना मला पूर्ण मान्य आहे, परंतु ‘मित्रभेद’ वगळण्यास माझा ठाम विरोध आहे. दमनकाचा विजय पूर्वीच्या लोकांनाही सोसला नव्हता. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पहलवी भाषेत गेले, त्यावरून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ‘कलीला व दिम्ना’ हा अरबी ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यात दिम्नाच्या, म्हणजे दमनकाच्या, खटल्याचे व शिक्षेचे स्वतंत्र प्रकरण वाढवण्यात आले. मूळ कथेने वाचकांना इतके अस्वस्थ केले, यातच तिचे सामर्थ्य आहे. आपल्या मुलांनीही ती मूळ रूपात ऐकावी आणि त्यांना संताप यावा.

निवृत्त शिक्षक, तासगाव

संताप यावा हे खरे, पण पुढे काय? आमच्या तालुक्यात द्राक्षे उचलून नेणारा आणि पैसे न देता परागंदा होणारा व्यापारी मुलांनी स्वतःच्या घरी अनुभवलेला असतो. कपटी माणूस जिंकतो हे अशा मुलाला दमनकाने शिकवण्याची गरज नाही, ते त्याने वडिलांच्या चेहऱ्यावर वाचलेले आहे. ते अन्यायाचे आहे, हे मात्र त्याला कोणीतरी मोठ्या माणसाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. शिक्षकच गप्प राहिला, तर ‘जग असेच असते’ हा बोध ते मूल घेऊन जाईल. म्हणून माझे म्हणणे असे की, तात्पर्य चुकीचे असेल तर ते बदला, काढू नका. धोब्याच्या गोष्टीखाली धोब्याचा दोष लिहा.

धागालेखक, सातारा

आपला हा मुद्दा मला अस्वस्थ करून गेला. रिकाम्या ओळीचा भार सर्व मुलांवर सारखा पडत नाही, याचा विचार मी केला नव्हता. तरीही धोब्याचा दोष आपणच लिहून दिला, तर गाढवाची बाजू घेण्याची संधी मुलांकडून आपण काढून घेतो, असे मला अजून वाटते.

वाचक, वाई

गुरुजी, आपले तात्पर्य न्यायाचे आहे, पण ते विष्णुशर्म्याचे नाही. ते पंचतंत्राच्या नावाखाली छापणार असाल, तर ‘मूळ ग्रंथात दोष गाढवाच्या ओरडण्याला दिला आहे’ हे वाक्य त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात यायला हवे. या अटीवर मी आपल्या बाजूने मत देईन. ‘मित्रभेदा’बाबत मात्र माझा विरोध कायम आहे.